अर्ध्या इंची पटाशी

३ मार्च

ती. ताईस,
भुंग्याचा प्रेमाचा सलाम.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून लिहितो. जेवतो, दाढी करतो. सुतारकामाचा कारखाना मात्र नऊ महिने बंदच आहे.

पाळकसाहेब परवा तिसऱ्यांदा आले. चर्चचं दार बाहेर उघडेल असं फिरवून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. नऊ महिन्यांपूर्वी त्या रविवारी तो पोरगा बंदूक घेऊन बाजूच्या दारानं शिरला, सगळे मोठ्या दाराकडे धावले, आणि ते आत उघडणारं. रेटारेटीत उघडलंच नाही. तुझी भावजय सगळ्यांत पुढे होती, कडी हातात धरूनच ती गेली. दार मी केलेलं. नकाशात ते बाहेरच उघडत होतं. आत उघडणारं दार लोकांना बोलावतं असं ती म्हणाली, आणि मी बायकोचं ऐकलं.

चौदाला दुपारी त्याच्या खटल्याची सुनावणी आहे. त्याला कोर्टाच्या व्हरांड्यातून नेतात, अगदी हाताच्या अंतरावरून. मी जाणार आहे. बाबांच्या अर्ध्या इंची पटाशीला धार लावून ठेवली आहे. तिचं शिलाई मशीन तुझ्या लेकीला पाठवतो. भाओजींना सलाम.

तुझा,
भुंग्या

७ मार्च

चि. भुंग्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतकी वर्षं वॉर्डात सुया टोचते, माणूस काय लपवतो ते ओळखते. नऊ महिने हत्याराला न शिवलेला माणूस पटाशीला धार लावतो, बायकोचं मशीन देऊन टाकतो, आणि मला कळणार नाही? तू त्याला मारायला निघाला आहेस.

जाऊ नकोस असं लिहीत नाही. लहानपणी नको म्हटलं की तू हटकून तेच करायचास. टेबलाच्या पायांना भोकं पाडूनच तर भुंग्या झालास. फक्त बाबांचा नियम आठव. हत्याराला धार लावली की आधी लाकूड, आणि अडलेलं काम टाकून दुसरं हाती घ्यायचं नाही. चौदाला सकाळी चर्चचं दार फिरव. मग जा कुठे जायचं तिथे.

खरं सांगते, देवावर मीही चिडले आहे. प्रभूच्या प्रार्थनेत ‘जशी आम्ही इतरांना क्षमा करतो’ या क्षमेच्या ओळीपाशी माझे दात आवळले जातात. तरी गुडघे टेकते, कारण त्याच्यावर कितीही चिडलं तरी तो उठून जात नाही. भावजय गेली, आता भाऊही गमवायची माझ्यात ताकद नाही रे.

उलट टपाली दोन ओळी लिही.

वाट पाहणारी,
ताई

१२ मार्च

भुंग्या,

तुझ्या ओळी आल्या नाहीत. स्वतः यावं म्हटलं, तर रजा मिळेना. हे पत्र चौदाच्या आत पोचणार नाही हे ठाऊक असून लिहिते आहे, कारण रिकाम्या हातांना चैन पडत नाही.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सलाम.

तू मुद्दाम काम लावलंस हे कळलं होतं. तरी काल सकाळी चर्चला गेलो, म्हटलं दोन तासांत उरकू. बिजागऱ्या काढल्या आणि लक्षात आलं की दार धरायला माणूसच आणला नाही. इतक्या वर्षांच्या सुताराची ही चूक!

पायरीवर एक बाई बसली होती. पेपरातल्या फोटोवरून ओळखली: त्याची आई. कोर्टात जायचा धीर होत नाही म्हणून इथे आली होती. न विचारता उठली आणि दाराला खांदा दिला. मी पटाशीनं चौकटीत खाच पाडत होतो. तिची मान माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. ताई, क्षणभर मला स्वतःचीच भीती वाटली. तिनं एवढंच विचारलं, की आता हे लोकांना बाहेर जाऊ देईल ना. मी हो म्हटलं आणि ढसाढसा रडलो.

दार बसेपर्यंत संध्याकाळ झाली. सुनावणी कधी उरकली, पत्ता नाही. ती निघाली, तेव्हा बाबांच्या नावावर एक नवा नियम खपवला: नवं दार सुतारानं पहिलं उघडायचं नसतं. तिनं ते उघडलं, आम्ही आत गेलो, लांब लांब बसलो. मी प्रार्थना सुरू केली. क्षमेच्या ओळीपाशी अडलो, तीही थांबली. मग मी ती म्हटली. मनापासून होती का, देव जाणे, पण त्या रविवारनंतर पहिल्यांदाच शेवटपर्यंत पोचलो.

पटाशी पार बोथट झाली आहे. आज पुन्हा धार लावतो. घाबरू नकोस, सोमवारपासून खिडक्यांचं काम धरलंय.

माया आहेच, ती असू दे.
तुझा,
भुंग्या