खुर्चीचा कोन

३ नोव्हेंबर

बाईसाहेब, तीस तारखेस हे घर सोडून लेकीकडे राहावयास जावयाचे आहे. त्याआधी आपली ही खोली, तू असताना होती तशी, तिच्या संगणकात उभी करण्याचा माझा निश्चय आहे. लेक संगणकावरचे खेळ तयार करते. चाळीस वर्षे इमारतींचे नकाशे काढलेल्या माणसास हे अवघड जाऊ नये!

"बाबा, प्रत्येक वस्तूला दोनच गोष्टी लिहून सांगायच्या," ती म्हणाली. "कुठे राहायचं आणि तोंड कुठे करायचं."

एवढेच?

६ नोव्हेंबर

एवढेच नव्हे. दारास नव्वद अंश फिरण्याची आज्ञा लिहिली — अर्धे दार भिंतीत शिरले! लेक पोट धरून हसली. "बाबा, हे दार आहे की भोवरा?" वस्तू स्वतःच्या मध्याभोवती फिरते, बिजागरीभोवती नव्हे. उपाय असा की, बिजागरीच्या जागी एक न दिसणारा बिंदू ठेवावा, दार त्यास जोडावे आणि बिंदूस फिरवावे. दुपारी जमले. विनाकारण सोळा वेळा उघडले नि लावले.

११ नोव्हेंबर

टेबल सरकवले, त्यावरचा चष्मा हवेतच राहिला. जोडावयास विसरलो!

१७ नोव्हेंबर

पलंग, माझे टेबल, खिडकी — सर्व फितीने मोजून मांडले. तुझी खुर्ची शून्य अंशांवर ठेवली. लेक पडद्याकडे पाहत राहिली. "आई अशी नाकासमोर कधी बसली होती, बाबा?"

खरे आहे. तू खुर्ची तिरपी करायचीस, मी रोज सरळ करायचो. "इथे काय कवायत आहे?" — हे तुझे ठरलेले. तू गेल्यावर मी ती उचलून भिंतीशी लावली आणि त्या जागी पुस्तकांचे कपाट आणले. आता ती किती अंश तिरपी असे, हे मला सांगता येत नाही. संपूर्ण खोलीत हे एकच माप माझ्याजवळ नाही.

२२ नोव्हेंबर

खुर्ची खिडकीकडे वळवली की आकडा अधिक, उलट बाजूस वळवली की उणे. तीस लिहिले, तुला बाहेरची झाडे आवडत. "नाही हो बाबा, कसंतरीच दिसतंय." पंचेचाळीस. साठ. "आता तर पाहुणी बसल्यासारखी वाटते!"

दोघेही हसलो. पण तीस तारीख जवळ आली.

३० नोव्हेंबर

हमालांनी सकाळी माझे टेबल नेले, मग कपाट उचलले. त्याखाली जमिनीवरच्या मऊ लिनोलियमवर तुझ्या खुर्चीच्या पायांचे चार खळगे! मागचे दोन जवळजवळ, पुढचे दोन एकमेकांपासून लांब. म्हणजे तोंड कोणीकडे, यात शंका नाही. गुडघे टेकून कोनमापक लावला. अठ्ठावीस. मात्र आकड्यामागे उणे.

खिडकीकडे नव्हेच. त्या दिशेस नजर टाकली. सकाळपर्यंत तिथे माझे टेबल होते.

लेकीस फोनवर आकडा सांगितला. कळा दाबल्याचा आवाज आला.

"बसली आई."

दार लावले. किल्ल्या घरमालकांच्या हाती दिल्या.