अर्ध्या शेपटीची

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

मेलेली समजून केरसुणीने लोटायला गेले, तर हलली.

जांबाच्या झाडाखाली पडली होती. खार. पण खार म्हणावं असं अंगावर फार काही उरलेलं नाही — डोक्यापासून पाठीपर्यंत केस गेलेले, कातडीवर राखेसारख्या खपल्या, डोळे त्यात अर्धे बुडालेले. मागच्या पायावर मांजराचे दात. शेपटी अर्धीच, ती मात्र जुनी गोष्ट. म्हणजे ओळखीची निघाली. ह्यांच्या लाडक्यांपैकी.

मला खारी आवडत नाहीत. एक जांब धड पिकू देत नाहीत. हे रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर शेंगदाणे ठेवायचे, वाटी दोनदा आपटायचे, की सगळी वरात झाडावरून खाली. मी म्हणायची, घरचे चोर घरीच पोसा. आषाढी पौर्णिमेला हे विहारात गेले, तेव्हापासून मी एक दाणा ठेवलेला नाही.

ह्यांच्या उशीचा अभ्रा तिच्यावर टाकला आणि उचलली. चावली. बरं वाटलं. चावते आहे म्हणजे जीव आहे.

जाळीचं कपाट रिकामं करून त्यात ठेवली. लोणच्याच्या बरण्या आता टीव्हीशेजारी.

४ सप्टेंबर, गुरुवार

गुरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर मयुरी म्हणून नवीन मुलगी आहे, आमच्या रत्नदीपपेक्षाही लहान. दाराशी तीन बकऱ्या, एक गाभण गाय आणि अभ्रा घेतलेली मी.

खरूज आहे म्हणाली. बारीक किडे कातडीत बिळं करून राहतात. औषध आहे, पण थेंबाच्याही भागात द्यायचं. वजन चुकलं तर रोगाआधी औषधच मारेल. आणि तिथला काटा बकऱ्यांचा! त्यावर खार ठेवली तर काटा शून्यावरच.

मी म्हटलं, आलेच. नानाजी सोनाराचं दुकान गाठलं. गल्ल्यावर दोन बाया मंगळसूत्र पाहत होत्या. अभ्रा काट्यावर ठेवला तसा नानाजी चष्म्यावरून बघत म्हणाला, “कंट्रोलर बाई, हे मोडीत काढाले आनलं का नवं कराले?”

एसटीतून निवृत्त झाले तरी गावाला मी कंट्रोलरच. मी म्हटलं, वजन सांगा, घट धरू नका.

अभ्रा वजा जाता ब्याऐंशी ग्रॅम. चांगल्या खारीचं शंभरावर असतं म्हणे. चिठ्ठीवर त्याने सवयीने “तूट नाही” असंही लिहून दिलं.

पहिला डोस गेला. जखमेला आयोडीन. दूध अजिबात नाही, लाड नाहीत, नाव ठेवायचं नाही. बरी झाली की जिथे सापडली तिथेच सोडायची. वनरक्षकाला ती मुलगीच कळवणार आहे. शिस्तीची आहे. आवडली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काल निघताना नानाजीने हळूच विचारलं — गुरुजी कायमचेच भंतेजी होणार का? हसून टाळलं. घरी आल्यावर हसू आलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी हे पायरीवर बसून म्हणाले होते, वर्षावासाचे तीन महिने श्रामणेर म्हणून, म्हणजे शिकाऊ भिक्खू म्हणून, राहून बघतो. मन लागलं तर उपसंपदा घेईन. म्हणजे पूर्ण भिक्खू, कायमचंच. “पन घरच्याइची अनुमती लागते. तू नाई म्हनशीन तं नाई. आता नको सांगू. पावसाळा गेल्यावर सांगजो. पन मनापासून.”

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तरुणपणापासूनची इच्छा. नोकरी, मुलगा, माझी आई, घराचं बांधकाम — सगळं झाल्यावर मागितलेली एक गोष्ट.

दुसऱ्या दिवशी डोकं भादरलं, चीवर घेतलं. मी पांढऱ्या साडीत समोर उभी होते. साधू साधू साधू म्हटलं सगळ्यांबरोबर.

घर शांत आहे. मला शांतता आवडते असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले.

६ सप्टेंबर, शनिवार

काकडी खाल्ली. एक फोड. दोन्ही हातांत धरून.

७ सप्टेंबर, रविवार, पौर्णिमा

विहारात भोजनदान होतं. पहाटेची पहिली वर्धा गाडी, तिथून आर्वी, आर्वीहून तळेगाव, पुढे टेकडीपर्यंत रिक्षा. दुपारच्या आत जेवण वाढलं गेलं पाहिजे, नंतर ते काही घेत नाहीत. गाड्यांचे मेळ मला सांगावे लागत नाहीत. वेळेत पोचले.

खारीजवळ शेजारच्या गोपिकाला बसवून गेले होते. तिच्या घरची वांगीच डब्यात नेली.

भिक्खूंची रांग. हे शेवटी. बारीक झालेत. कानामागचा तीळ डोकं भादरल्यावर किती मोठा दिसतो! समोर गेले, तीनदा वंदन केलं. ह्यांना. कपाळ जमिनीला टेकवून. हे हात जोडत नाहीत — जोडायचे नसतातच. मंगल हो म्हणाले. आवाज तोच.

भिक्षापात्रात भाजी वाढली. चाळीस वर्षं पहिल्या घासाला “मीठ कमी” म्हणणारा माणूस मुकाट्याने जेवला. मीठ मुद्दाम कमी घातलं होतं.

बोलायची सोय नसते. तरी जेवणानंतर धम्मदेशनेआधी थोडा वेळ मिळाला. पाच हातांवर उभी राहून सांगितलं — भंतेजी, घरी खार सापडली. खरूज झालीय, जगेल का सांगता येत नाही.

हे जमिनीकडे पाहत होते. श्रामणेराने तसंच पाहायचं असतं. मग एकदम मान वर.

“अर्ध्या शेपटीची का?”

हो म्हटलं.

पुन्हा मान खाली. पण त्या एवढ्याशा वेळात आमच्या अंगणातला माणूस दिसून गेला. परतीच्या गाडीत आर्वी कधी आली कळलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

काल घरी येऊन पाहते तर खार तेलात बुडालेली! करंजाचं तेल, वर कापूर घोटून. आडवी पडली होती, अंग थंडगार, पाय ताठ.

गोपिका हसऱ्या तोंडाने सांगत होती, “आमच्या बैलाले हेच लावतो न बाई. दोन दिसात खाज सफा. लय खाजवून राह्यली होती बिचारी, पाह्यवलं नाई.”

मी फार बोलले. डेपोत ड्रायव्हरलाही बोलले नसेन इतकं. बैल आणि खार यातला फरक तुला कळत नाही का, अंगभर तेल म्हणजे ती चाटणार, कापूर पोटात जाणार! तिने पदराला हात पुसले, निघून गेली.

डॉक्टरीणबाईला फोन. ती म्हणाली कोमट पाणी, अगदी थोडा साबण, लगेच कोरडी करा आणि ऊब द्या. ऊब गेली तर गेलीच. धुतली तर एवढीशी झाली — जांबाच्या पानाएवढी. टॉवेलात गुंडाळून गरम पाण्याची बाटली लावली, तरी काही फरक नाही.

तेवढ्यात गोपिका परत आली. घरातला मागच्या हंगामातला कापूस टोपलीभर आणला होता. खार माझ्या हातातून घेतली, कापसात गुंडाळली आणि लुगड्याच्या ओच्यात पोटाशी धरून भिंतीला टेकून बसली. मी चहा केला. तो घेतला नाही. दिवेलागणीला ओच्यात काहीतरी हललं तेव्हा म्हणाली, “द्या आता चहा.”

१० सप्टेंबर, बुधवार

जिवंत. जुनं खोबरं कुरतडलं.

गोपिकाने आज वांग्यांचे पैसे घेतले नाहीत. मी जबरदस्तीने दिले. तिने मोजून परत ओट्यावर ठेवले. चालू आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

माझ्या हातांना खाज. तिचीच देणगी. आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल म्हणतात. नखं कापली आणि गप्प बसले.

रत्नदीपचा पुण्याहून फोन. “आई, तू काऊन सांगत नाई बाबाले, घरी या म्हनून? ते तुह्यी वाट पाह्यत असतीन बोलाची.” मी म्हटलं, मी आयुष्यात गाडीमागे धावले नाही. तर म्हणतो, तू गाड्या सोडत होतीस, तुला धावायची गरजच कुठे होती.

खपल्या गळताहेत. दुसरा डोस परवा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाठीवर लव. पट्ट्यांची जागा दिसायला लागली, पाटीवर फिक्या खडूने ओढल्यासारखी.

आज कपाटासमोर उगाच बसले. पूर्वीचं आठवलं. मी देवळीच्या स्टॅंडवर नवी, बी.कॉम. होऊन नोकरीला लागलेली, काचेच्या खोलीत. सकाळच्या गाडीने एक शिक्षक खेड्यावरच्या शाळेत जायचे. रोज वेळेवर, रोज खिडकीची जागा. एक दिवस आले नाहीत. गाडी भरलेली, ड्रायव्हर नोंदीसाठी कागद पुढे करून उभा. मी म्हटलं पेन चालत नाही. झटकलं, शाईची बाटली शोधली, टोपण पडलं ते उचललं. ड्रायव्हर चिडला. तेवढ्यात हे रस्त्यावरून धावत आले — चप्पल एका हातात!

माझ्या सगळ्या नोकरीत उशिरा सोडलेली ती एकच गाडी. ह्यांना लग्नानंतर सांगितलं, तर म्हणाले, मले मालूम होतं, पेन तुह्या कानावरच होता.

२४ सप्टेंबर, बुधवार

कपाटात आता नुसता धिंगाणा. जाळी कुरतडते. जखम भरली. डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेली. अजून थोडे दिवस, म्हणाली. आणि मला पाहून हेही म्हणाली, सवय लावून घेऊ नका. मी म्हटलं, तिला की मला? ती बॅग आवरत राहिली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

अख्खी गल्ली नागपूरला गेली, दीक्षाभूमीला. मी गेले नाही. पांढरी साडी नेसले, बुद्धवंदना घेतली, अंगणात बसले.

दरवर्षी दोघं जायचो. एवढ्या गर्दीत हे माझ्या पदराचं टोक धरून चालायचे, हरवू नये म्हणून. मी नाही, हे.

पदर दिवसभर हलका लागत होता.

४ ऑक्टोबर, शनिवार

सोडली.

गोपिका आली होती. कपाट उचलून दोघींनी जांबाखाली नेलं, दार उघडलं. ती दारातच बसून राहिली, मिशा हलवत. गोपिका म्हणे, “जाय न व माय, का पत्रिका पाहिजे?” मग एकदम सुटली — खोड, फांदी, शेंडा. पाठीवरचे तीन पट्टे उन्हात स्पष्ट. मागे वळून पाहणं वगैरे काही नाही. कशाला पाहील?

कपाट धुऊन उन्हात ठेवलं. बरण्या अजून टीव्हीजवळच आहेत.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी भिंतीवर दाणे ठेवले. वाटी दोनदा आपटली. कोणी आलं नाही. माझं आपटणं बरोबर नसावं. दुपारी दाणे मुंग्यांनी नेले.

ठरवलं. हो म्हणायचं. वर्ध्याहून चीवराचं कापड आणलंय, चांगलं, जाड. परवा अश्विनी पौर्णिमा, वर्षावासाची समाप्ती. विहारातले मोठे भंतेजी सर्वांसमोर विचारतील. वाक्य तयार केलं — “भंतेजी, माझी मनापासून अनुमती आहे.” आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं. माईकवर इतक्या वर्षांत कधी अडखळले नाही. “मनापासून” वर दर वेळी अडखळते. तो शब्द काढून टाकला.

६ ऑक्टोबर, सोमवार

दाणे ठेवले. वाटी आपटली. नाही.

कापडाला घडी घातली. पुन्हा घातली.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल मंडप भरलेला होता. चीवराचं कापड माझ्या मांडीवर. भंतेजींनी विचारलं, उपासिका, आपली अनुमती आहे काय? सगळे माझ्याकडे बघत होते. हे समोर, मान खाली. आणि तशाच खालमानेने, मला एकटीला ऐकू येईल एवढ्या आवाजात — “भिंतीवर आली का ते?”

मी उठून उभी राहिले. “अनुमती नाही, भंतेजी. गुरुजींना मी घरी न्यायला आले आहे.” कापड विहाराला दान दिलं.

आयुष्यात दुसऱ्यांदा गाडी थांबवली. या वेळी पेनाचं कारण दिलं नाही.

आज सकाळी चहा दिला तर सवयीने “मंगल हो, उपासिका” म्हणाले. कप परत आत नेला.

आत्ता बाहेर वाटी वाजली. दोनदा. मी उठत नाही. पाहायला गेले तर पळेल.