टीप क्रमांक सतरा

प्रिय चिऊ,

तुझ्या पुस्तकाचं पाचवं प्रकरण मी चार वेळा वाचलं. सोमवारी ते छापखान्यात जाणार म्हणतेस, म्हणून हे पत्र टपालात न टाकता शेजारच्या शिंपीणबाईंच्या हाती पाठवते आहे. त्या उद्या तुझ्याच शहरात येणार आहेत. छपाई थांबव. निदान हे शेवटपर्यंत वाचून होईतो थांबव. जन्मभर मी टेबलावर उभी राहून मागण्या केल्या, हात जोडून कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागते आहे.

फोनवर मी इतकंच म्हणाले की तुझी आजी तशी नव्हती. तू हसून म्हणालीस, "आत्या, आठवणी दगा देतात, कागद देत नाही." वाक्य टाळ्या घेणारं आहे, मीही घेतल्या असत्या त्यावर. पुढे बोलायचं धाडस मात्र झालं नाही. तू कामात चोख आहेस. प्रत्येक विधानाखाली टीप, टिपेत पत्र कुणी कुणाला लिहिलं, आता कुणाकडे आहे, सगळं. टीप क्रमांक सतरा: 'आजीचे वडिलांना पत्र, खाली अंगठा, लेखिकेच्या संग्रहात.' तेवढ्या आधारावर तू लिहिलंस की संपात फितूर झालेल्या मुलाला आईने कायमचं तोडलं. सोबत अंगठ्याचा फोटो, आणि त्यातल्या तिरक्या वणाखाली तुझी ओळ: 'कष्टकरी बाईच्या आयुष्याची खूण.' ती वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला.

तुझ्या बापाला आई उंट म्हणायची. दाराच्या चौकटीला रोज डोकं आपटायचा आणि वर चौकटीलाच शिव्या घालायचा. बुटांच्या कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा, मी चामडं कापायचे. पहिल्याच महिन्यात सुरी सटकली आणि माझा हात कापला. त्याने स्वतःच्या शर्टाची बाही फाडून बांधली आणि म्हणाला, "तू आपली पुढारी हो. कापण्यापेक्षा बोलणं तुला बरं जमतं." तो थट्टा करत होता. मी खरंच झाले.

संपाच्या त्रेचाळिसाव्या दिवशी तो मागच्या फाटकाने कामावर गेला. आईचं औषध संपलं होतं. हे तुझ्या प्रकरणात नाही, कारण त्याचा कागद नाही; आईच्या खोकल्याची नोंद कुणी ठेवत नाही. मला मात्र माहीत होतं. रात्रंदिवस त्याच खोलीत मीही तो खोकला ऐकत होते. तरी मी टेबलावर चढले आणि हजार माणसांसमोर सख्ख्या भावाला फितूर म्हटलं. एवढ्या टाळ्या मला पुन्हा कधी पडल्या नाहीत. त्याच आठवड्यात तो घर सोडून गेला. पंधरवड्याने संपही मोडला, आणि माझ्याबरोबरच्या साठ बायका घरी बसल्या. त्याचाही दोष मी त्याच्याच माथी मारला.

दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं. 'आई, येऊ का?' आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मी वाचून दाखवायची, उत्तरं मी लिहायची, ती खाली अंगठा उमटवायची. तुझ्या टिपेत हेही नाही. भांडी घासता घासता तिने सांगितलं, "लिही. उंटा, निघून ये. चौकट आहे तेवढीच आहे, वाकून आत ये. बहिणीचं मनावर घेऊ नकोस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जसंच्या तसं लिही हं, तुझं भाषण घालू नकोस त्यात." मी जसंच्या तसं लिहिलं. तिने ओला हात फडक्याला पुसला आणि अंगठा उमटवला.

ते पत्र मी शेगडीत घातलं. दुसरं लिहिलं: 'तू या घराला मेलास. येऊ नकोस.' तू छापते आहेस ते हे. वीस वर्षांची होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल माझी खात्री होती. त्या दुपारी मला वाटलं, मी न्याय केला.

आई नऊ वर्षं वाट पाहत होती. पोस्टमनला विचारायची, "उंटाचं काही?" तो बिचारा पिशवी उघडून दाखवायचा. शेवटच्या आजारपणात तिने मला विचारलं, "तू पत्ता नीट लिहिला होतास ना गं?" मी म्हटलं, हो. तेवढं एकच मी तिला खरं सांगितलं.

आता माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं म्हणणार नाही. तुझा नियम बरोबर आहे. अंगठा असलेल्या कागदासमोर म्हातारीच्या आठवणीचं काय चालणार? म्हणून कागदच देते. पन्नास वर्षं मी बायकांना अंगठ्याऐवजी सही करायला शिकवलं. आज सहीच्या शेजारी माझ्या डाव्या हाताचा अंगठा उमटवते आहे. तुझ्या फोटोशी ताडून बघ. तो तिरका वण बघ. आजीच्या अंगठ्यावर वण नव्हता, चिऊ. तो सुरीचा आहे, तुझ्या बापाने बाही फाडून बांधलेला. ज्या अंगठ्याला त्याने फडकं गुंडाळलं, तोच त्या पत्राखाली त्याने ओळखला की नाही, हे मला आता कुणी सांगू शकणार नाही. सतरावी टीप खोडू नकोस, दुरुस्त कर: 'आत्याने आजीच्या नावाने लिहिलेले खोटे पत्र. आधार: आत्याचे भाचीला पत्र, अंगठ्यासह.' माझ्याबद्दल हवं ते लिही, मी हरकत घेणार नाही. फक्त आजीचं उत्तर जसंच्या तसं छाप. ते पोचवायचं काम माझं होतं. आता तुझ्यावर टाकते आहे. ठसा पुसट वाटला तर कळव, पुन्हा उमटवून पाठवते.

तुला नकोशी झाले तरी तुझीच,
आत्या
(शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा)