पाच नळ्या आणि नऊवार लुगडं

सातारा,
२६ जून २०२५

ती. आई यांस,
सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र. परवा जयराज यांचा सीमेवरून फोन आला होता. ते बरे आहेत. गच्चीवर लुगडं वाळत घालताना तुम्ही घसरलात, खांदा दुखावला, तरी शिराळ्यात एकट्याच राहता, याची त्यांना काळजी आहे. मलाही आहे. साताऱ्याला राहायला या, असं मी म्हटलं होतं. फ्लॅटात लुगडं वाळवायला जागा कुठं आहे, असं तुम्ही विचारलंत. मुद्दा बरोबर होता.

मागची गॅलरी सहा फूट लांब, तीन फूट रुंद. त्यात वॉशिंग मशीन. म्हणून उरलेल्या भिंतीला बिजागरीवर लाकडी चौकट बसवते आहे. तिच्यात चार फुटी पाच नळ्या. उघडली की दोन फूट पुढे येते, दोन साखळ्यांवर तोलली जाते. मिटली की भिंतीपासून तीनच इंच. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. पाच नळ्यांवरून खालीवर सोडलं तर ब्याऐंशी सेंटिमीटर लोंबतं, जमिनीला लागत नाही. कारखान्यात मी यंत्रांचे सांगाडे आखते, त्यामानाने हे सोपं आहे.

लोभ आहेच. वाढला तर जागा आहे.

आपली,
अंकिता


शिराळा,
३ जुलै २०२५

चि. सौ. अंकिता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. शेजारच्या मंगलला वाचून दाखवलं. ती म्हनली, तुमची सून लुगड्याचा बी नकाशा काढती, भाकरीचा कवा काढनार? मी हसले, पर बाजू तुजीच घेतली.

चौकट किती उंच लावलीस ते लिवलं न्हाईस. तू लय उंच. माजा हात खांद्याच्या वर जात न्हाई. आनि त्या मशिनीत लुगड्याचा नुसता कासरा हुतो.

पर खरं सांगू का पोरी, जागा न्हाई ही सबब हुती. लुगडं एकटीनं वाळत घालत न्हाईत. एक टोक हिच्याकडं, एक तिच्याकडं, दोघींनी पिळायचं, झटकायचं. तवर चार घरच्या गोष्टी हुत्यात. हितं मंगल येती. त्या दिशी ती बाजाराला गेलती, म्हनून मी एकटी चढले आनि पडले. तितं तू दुपारी जाती ती रातच्याला येती. दार लावून मी पाच नळ्यांशी बोलत बसू व्हय?

माया हाय, राग धरू नगंस.

चंद्राबाई


सातारा,
१० जुलै २०२५

ती. आई यांस,
सा. नमस्कार. वि. वि.

चौकट मी साडेपाच फुटांवर लावली होती, माझ्या हाताच्या सोयीने. ओली चादर टाकली आणि साखळ्यांचे स्क्रू प्लास्टरसकट निघाले. आवाज ऐकून खालचे धनाजी हवालदार वर आले. भिंतीला आधी विचारलं होतंस का, म्हणाले. मी ओल्या कापडाचं वजन धरलं होतं, पावसाने ओली झालेली भिंत धरली नव्हती. आता स्क्रू विटेत खोलवर आहेत आणि चौकट चार फुटांवर. मला वाकावं लागतं. चालेल.

लुगड्याचं दुसरं टोक मात्र माझ्या आराखड्यात नव्हतं. साहेबांना भेटून कायमची सकाळची पाळी मागून घेतली. दुपारच्या पाळीतली नवी यंत्रं माझ्या हाताखाली येणार होती, ती आता दुसऱ्या कुणाकडे जातील. मी साडेतीनला घरी असेन. धुणं चारला काढू. चार घरच्या गोष्टी मला सांगता येत नाहीत, ऐकता येतात.

आग्रह करायची मला सवय नाही, म्हणून मापं आणि वेळ लिहिली आहे.

लोभ असावा, उत्तरही असावं.

आपली,
अंकिता


शिराळा,
१८ जुलै २०२५

चि. सौ. अंकिता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. आधी इचारलं असतंस तर यंत्रं सोडू दिली नसती, म्हनून करून मोकळी झालीस. आल्यावर ह्यावर भांडू.

गावची नागपंचमी सोडून मी येनार न्हाई. ती झाली की दुसऱ्या दिशी सकाळच्या एसटीनं निगते. मंगल रुसली हाय. म्हनती, म्हातारी ह्या वयात सासरी निगाली.

ट्रंकेत सात लुगडी हायत. चार दिस राहून यावं म्हनून दोन बाजूला काढली हुती. तुजं पत्र आलं आनि सातीच्या साती भरली.

बाकी समक्ष.

तुजी,
आई