रेतीखालचा बोरा

बाबा, आज सकायी तुह्या दोस्तानं मले बसस्टँडवर अडवलं. दोस्त म्हणलो तर तू वरतून थुंकशील, पण काका तुहा दोस्तच होता. खदान कॉलनीचं गोल्फचं मैदान तुमी दोघंच माळी म्हणून पाहात होते, दोघंही रोजीवर, एकाच डब्यात खात. आता त्याच्या तोंडात दात नाई राहिले. माहा हात धरून म्हणते, "तुहा बाप जातानी माह्याबद्दल काई बोलला का रे?" मी म्हणलो, "बोलला ना काका. शिवी देल्ली." बुडगा मान हालवत गेला. घरी आलो अन् लिहाले बसलो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्यानंतरचा दुसरा का तिसरा उनाळा. मी दहावीत दुसऱ्यांदा नापास. तू मारलं नाई, तवाच मी भेलो. भर दुपारी मले मैदानावर नेलं अन् रेतीच्या खड्ड्यात उतरवलं. साहेब लोक त्याले बंकर म्हणत. बावनथडीची रेती, पायात चप्पल नाई, तळवे भाजून राहिले. तू काठावर सावलीत बसून, हातात रेती ओढाचं दाताळं. "पाय रगडून घुसव. रेती किती खोल हाय, पायाले समजते. स्टिक रेतीले टेकवू नोको, मारायच्या आधी टेकली का डाव गेला. स्टिकचं तोंड आभायाकडे उघडं ठेव. अन् बॉलले नाई मारायचं बे. बॉलच्या मांगची दोन बोटं रेती काप, रेतीच बॉलले उचलून नेते." मी मारलं का बॉलच लागे, अन् काठावर आदळून माह्याच पायाशी येये. नाईतर स्टिक रुतून बसे. चुकलं का दाताळ्याचा दांडा पिंडरीवर. काका म्हणे, "सोड ना, पोट्टं भाजून राहिलं." तू म्हणे, "भाजू दे. याचं कागदावर काई होत नाई, रेतीत काई होत नाई, मंग हे पोसाचं कायले?" नळावर पाणी भरणाऱ्या पोट्ट्या हासल्या. चाळीस-पन्नास बॉल मारले, एक निघाला नाई. मंग तू उतरला, माह्या हातची स्टिक घेतली अन् एकच मारला. फस्स करून रेती उडाली, बॉल झेंड्याजोळ जाऊन बसला. तू माह्याकडे पायलंही नाई. तवाच मी ठरवलं.

महिन्याभरानं नागपूरचा मोठा साहेब येणार होता. आपल्या मॅनेजरनं त्याले सांगून ठेवलं होतं का आमचा माळी रेतीतून दहातले नऊ बॉल काढते. मोठा साहेब म्हणे, माह्यासमोर काढले तर याले पक्का करू. पक्का म्हणजे क्वार्टर, दवाखाना, सारं. आईनं तुहा सदरा दोनदा धुतला. मी पहाटेच गेलो, घरचा धानाचा रिकामा बोरा, तागाचं पोतं, घेऊन. मॅनेजर बॉल कुटी ठेवते, तुहे पाय कुटी येतात, मले पक्कं माहीत. पायाखाली नाई ठेवला, तुह्या पायाले समजलं असतं. बॉलच्या मांगं ठेवला, वरतून दोन बोटं रेती पसरली. स्टिक टेकवून पाहाची तर तुले मनाईच. दगडही ठेवू शकत होतो. पण दगडानं मनगट मोडलं असतं अन् साहेबाले कीव आली असती. मले कीव नोयती पाहिजे.

पहिला मारला, स्टिक अडकली, बॉल दोन इंच सरकला. दुसरा तसाच. तिसऱ्याले तू सारा जीव लावला, तर बोराच स्टिकले लटकून वर आला अन् तू बुडावर बसला. मोठा साहेब म्हणे, "अरे, ये तो धान निकाल रहा है." सारे हासले. सगळ्यात आधी मी हासलो. आजही आठवलं का येते हासू. मॅनेजरनं विचारलं, "आज बंकर कोणं ओढलं?" त्या दिवशी पाळी काकाची होती. तू दाताळं त्याच्या तोंडावर फेकलं. संध्याकायी काका तो बोरा घेऊन दारात आला, म्हणे, "पाय तर एकडाव, हा माह्या घरचा नोहे." तू दार लावलं. पायला असता तर आईच्या हातची लाल सुतळीची शिवण तुले दिसली असती. मी आत पाटावर बसून भात खाऊन राहिलो होतो.

मैदान सुटलं, मंग तू राईस मिलमध्ये बोरे उचलले. कोंड्यानं छाती गेली. चार वर्षं तू काकाशी बोलला नाई. दवाखान्यात शेवटल्या दिवशी म्हणला, "त्याले बोलाव. म्हण, तो बोरा घेऊन ये, पायतो." मी गेलो. दोन घंट्यानं येऊन सांगतलं, "येत नाई म्हणते." तू भिंतीकडे तोंड केलं. मयतीले काका खांदा द्याले आला, त्याले मीच हाकललं.

हा कागद मी कोनाले दाखवणार नाई. काकाचं घर दोन गल्ल्या पुढे हाय अन् त्याले वाचता येते, म्हणून त्याले तर नाईच. तुलेच सांगतो. मी त्याच्या घरी गेलोच नोयतो. दवाखान्याच्या फाटकासमोर बसून दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले. गरम होते, चांगले होते.