पेटीतले जाकीट ह्यांचे नाही

मी, एका लढाऊ वैमानिकाची विधवा, वय वर्षे एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघराचे दार आतून लावून, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणायचा प्रयत्न दोघांनी केला, त्यांचा उल्लेख पुढे येईल. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे डॉक्टर माझ्या पुतण्याच्या ऊठबशीतले आहेत असे कळल्यावर दुसऱ्या डॉक्टरांचाही घेतला, तोही जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्याची प्रत जावयाच्या कपाटात कशी गेली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

१. वरच्या मजल्यावरील खोल्या, त्यातील सामान आणि बँकेतील ठेव माझ्या मुलीला. एकट्या मुलीला. जावई वाईट नाही, पण घरात शिरला की नजरेनेच भिंती मोजतो. "आई, ही भिंत पाडली तर हॉल केवढा होईल!" असे तो माझ्याच ताटावर बसून म्हणाला होता.

२. शिवणयंत्र घरकामाच्या बाईंना. माझी चांदीची वाटी त्यांनी नेली, असा मला फार काळ संशय होता. वाटी सापडली. तरी यंत्र मी गेल्यावरच न्यावे.

३. तळमजल्यावरील रस्त्याकडची खोली. हिच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ह्यांच्या निधनानंतर पुतण्याने या खोलीत ह्यांचे स्मृतिदालन काढले. "काकू, काकांची आठवण जागती ठेवायची आहे," म्हणाला. मला तेव्हाच शंका आली, कारण काका हयात असताना हा यायचा तो गाडी उसनी न्यायला. ट्रंकेतले चामड्याचे जाकीट त्याने मागून नेले, काचेच्या पेटीत टांगले आणि खाली पाटी लावली: 'या वीराने युद्धातील प्रत्येक झुंजीत अंगावर वागवलेले जाकीट'.

लग्न झाल्यापासून मी ते घडी घातलेलेच पाहिले होते. हे अधूनमधून त्याला तेल चोळत, पुन्हा ठेवून देत, मला हात लावू देत नसत. उद्घाटनाला ते पहिल्यांदा टांगलेले पाहिले आणि बाह्या डोळ्यांत भरल्या. माझे यजमान बुटके होते. माझ्यापेक्षा बोटभर कमीच. मला वाटले, पुतण्याने खरे जाकीट विकून कुठल्या तरी नाटकवाल्याचे आणून लटकवले. तसे मी त्याला चारचौघांत विचारलेही.

"काकू, शपथेवर सांगतो, तुम्ही दिलंत तेच आहे."

"मग काकांचे हात कुठून वाढले?"

"म्हातारपणी माणूस आटतो हो!"

माझा विश्वास बसला नाही. त्याच आठवड्यात, वर्तमानपत्रातला फोटो पाहून एक बाई काठी टेकत दारात आल्या. निवृत्त शिक्षिका, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "ते जाकीट मला एकदा हातात घेऊन बघायचंय." परकी बाई माझ्या नवऱ्याच्या कपड्याला हात लावू मागते, म्हटल्यावर मनात काय आले ते इथे लिहीत नाही. मी दाराची साखळी काढली नाही. फटीतूनच विचारले, "तुमचा ह्यांच्याशी काय संबंध?"

"माझा भाऊ त्यांच्या तुकडीत वैमानिक होता. लंबू म्हणायचे त्याला. तो परत आला नाही."

"खूण सांगा."

"डाव्या बाजूला आतून एक जादा खिसा असेल. आईने लावलेला. माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टाचं कापड आहे. त्याला उडताना लिमलेटच्या गोळ्या लागायच्या."

ही खूण पुतण्याने पढवली असेल, असेही माझ्या मनात येऊन गेले. म्हणून त्यालाच पेटी उघडायला लावली. अस्तर उलटले. खिसा होता. विटलेला, पण निळा. बाईंनी त्यात दोन बोटे घातली आणि तशाच उभ्या राहिल्या.

हे युद्धाची एकच गोष्ट सांगत, तीही गंमत म्हणून. "भोंगा वाजला, अंधारात सगळे धावलो. आमचा लंबू माझंच जाकीट चढवून विमानात बसला. बाह्या कोपरापर्यंत! मी खालून ओरडलो, अरे, पँट तरी स्वतःची आहे ना?" पाहुणे हसत. हेही हसत, आणि पाणी प्यायला आत जात. लंबूचे पुढे काय झाले, ते कोणी विचारले नाही. दूधवाल्यावर, वाण्याच्या काट्यावर, सगळ्या जगावर संशय घेणारी मी. त्या गमतीवर मला कधी शंका आली नाही.

बाईंना वर नेऊन चहा दिला. तरी एक खुपत होतेच. म्हटले, "ह्यांना तुमचं घर ठाऊक असणारच. मग परत का नाही दिलं? दडवलंच म्हणायचं."

"आले होते ना," बाई म्हणाल्या. "युद्ध संपल्यावर. मांडीवर गाठोडं घेऊन बसले होते. भाऊ बेपत्ता आहे एवढंच आम्हाला कळवलेलं. आई त्यांना म्हणाली, 'कुठेही असला तरी अंगात ते जाकीट आहे त्याच्या. थंडीने मरायचा नाही, एवढाच मला धीर.' मग तिने विचारलं, गाठोड्यात काय आहे? ते म्हणाले, 'धुवायचे कपडे.' आणि उठले."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

जाकीट बाईंचे आहे. पण त्या म्हणतात, "माझ्यामागे कोणी नाही, मी गेल्यावर ते भंगारात जाईल. इथेच राहू दे, फक्त त्याच्या नावाने." पुतण्या म्हणतो, "काकू, दालन काकांचं आणि पाटी परक्याची? लोकांना काय कळतंय!" जावयाचेही मत तेच पडले. या दोघांचे एकमत झालेले मी प्रथमच पाहिले, आणि त्यामुळेच आजच्या आज लिहायला बसले.

सबब, ही खोली पुतण्याला पुढील अटीवर देते. जुनी पाटी काढावी. नव्या पाटीवर त्या मुलाचे पूर्ण नाव, त्याच्या बहिणीने लिहून दिले आहे त्याच अक्षरात असावे. 'वीर' वगैरे काही नको. पेटीची एक किल्ली बाईंकडे राहील. पाटी बदलल्यास, झाकल्यास किंवा तिच्यापुढे मोठी फुलदाणी आणून ठेवल्यास (मी पुतण्याला ओळखून आहे), खोली जाकिटासह सार्वजनिक वाचनालयाकडे जाईल. यावर देखरेख, हे मृत्युपत्र ज्यांच्याकडे ठेवते आहे त्या माझ्या वकीलबाईंनी करावी. त्यांच्यावर देखरेख माझ्या मुलीने करावी.

४. माझ्या यजमानांचे स्वतःचे जाकीट कोठे आहे, असे कोणी विचारल्यास: ते लंबूच्या अंगात आहे. त्यावर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही, व कोणी तो सांगू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मग साक्षीदारांकडून मोठ्याने वाचून घेतला. त्यांनी एक शब्दही गाळला नाही.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या (सही)

लाभ मिळणाऱ्याने साक्षीला थांबू नये, म्हणून शिक्षिकाबाईंना सहीच्या वेळी बाहेरच्या खोलीत बसवले होते.

ठिकाण: राहते घर
तारीख: साक्षीदारांनी आपापल्या सहीखाली घातली आहे. दोन्ही जुळतात, मी पाहिले.