सरपंचबाईंचा कर्णा

तीर्थरूप आई,

तुझ्या मोठ्या आवाजाच्या लेकीचा नमस्कार. परवा फोनवर मी भांडत नव्हते गं! सीमेवरच्या नदीपलीकडच्या, उत्तरेच्या सैन्याच्या कर्ण्यांची वर्षभर कोल्हेकुई चालली होती, म्हणून इथं सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय लागलीय. दहा दिवस झाले, सगळं शांत आहे. एकही घर गाव सोडून गेलं नाही, आणि सरपंच तुझी मुलगी आहे!

गोळीबार झाला तर लपायचं तळघर आहे ना, तिथं यंदा किमचीच्या लोणच्याचा कोबी मिठात घातलाय. किल्ली मात्र अजून माझ्या गळ्यातच असते.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या हातचं तिखट पाठव.

काल सकाळी गावच्या कर्ण्यावरून मी पुकारा केला, "किमची घालायला या! जेवण तयार आहे!" सवयीनं आवाज पूर्ण सोडलेला. शेजारच्या सुनबुन आजी म्हणाल्या, "अगं सरपंचबाई, हळू! पलीकडचेही पानावर येऊन बसतील."

आम्ही हसलो. नदीपलीकडच्या शेतात ठिपक्याएवढी माणसं खरंच काम थांबवून इकडं बघत होती.

आजी बराच वेळ तिकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांग. मघाशी नीट ऐकू गेलं नसेल."

मी पुन्हा सांगितलं.

तुझी,
मिरान